दोराच्या टोकाची गाठ

ताई,

नागपुरातल्या एका गिर्यारोहण क्लबची मी दीड वर्षापासून सचिव आहे. वय २८, बँकेत नोकरी. मला एकेरीच लिहा.

हा क्लब ज्यांनी उभा केला त्यांना आम्ही सगळे भाऊ म्हणतो. माझी पहिली गाठ त्यांनीच बांधून घेतली. मागच्या डिसेंबरात पचमढीजवळ आमचं रॅपलिंगचं, म्हणजे दोरावरून कडा उतरण्याचं, शिबिर होतं. दोर दुहेरी टाकला होता, पण बरोबर मधोमध नव्हता, त्यामुळे एक टोक आखूड राहिलं. टोकांना गाठी नव्हत्या. कॉलेजची एक मुलगी उतरत होती. आखूड टोक तिच्या हातापासून वीतभर उरलं तेव्हा खालच्या मुलानं बोंब मारली, ती थांबली. तिच्या खाली अजून दोन पुरुष उंचीचा कडा होता. रात्री मी विषय काढला तर भाऊ म्हणाले, 'पंचवीस वर्षांत एकाला खरचटलं नाही. आता तू शिकवशील का मले?' सगळे हसले आणि विषय संपला.

आता मी ठराव मांडणार आहे : लीडर धरून प्रत्येक सदस्याला दरवर्षी प्रशिक्षण आणि चाचणी सक्तीची. जुनी मंडळी म्हणतात, आम्ही राजीनामे देऊ. काही म्हणतात, नागपूर सपाट, इथे सराव करायचा कुठे? एका पालकांनी तर मुलाच्या सुरक्षिततेची लेखी हमी मागितली आहे. ठराव मांडू का? भाऊंच्या बाबतीत मी कृतघ्न ठरेन का?

तुमची एक वाचक, नागपूर

---

ठराव मांडू नकोस. निदान या महिन्यात नको.

तुझं म्हणणं चूक आहे म्हणून नाही. ते शंभर टक्के बरोबर आहे. पण सभेत ठराव आला की भाऊंना सगळ्यांसमोर एकतर मान खाली घालावी लागेल किंवा उठून जावं लागेल, आणि या वयाचा माणूस उठून जातो. मग बाजूचे आणि विरोधातले मोजण्यात सभा संपेल आणि दोर बाजूला पडेल. आधी दोराबद्दल बोलू.

त्या दिवशी काय घडलं असतं ते क्लबमध्ये किती जणांना नेमकं ठाऊक आहे? बऱ्याच जणांना वाटतं की आखूड टोक हातातून सुटलं तरी दुसऱ्या लांब टोकाला माणूस लटकून राहील. तसं होत नाही. दुहेरी दोर वरच्या कडीतून नुसता ओवलेला असतो. आखूड टोक उतरण्याच्या उपकरणातून निसटलं की एका बाजूचा आधार संपतो, अंगाच्या भारानं लांब बाजू खाली ओढली जाते, दोर कडीतून सरसरत निघतो आणि माणूस दोरासकट खाली येतो. नोव्हेंबर २०१९ मध्ये मेक्सिकोच्या एल पोत्रेरो चिकोच्या कड्यावर ब्रॅड गोब्राइट असाच गेला. वय ३१. दोराशिवाय कडे चढण्यासाठी जगभर नाव झालेला माणूस, आणि गेला तो दोरावरून उतरताना. दोराचा मध्य नीट जुळवलेला नव्हता, टोकाला गाठ नव्हती. तुमच्या पचमढीच्या दोराची गोष्ट अक्षरशः हीच आहे.

गाठ बांधायला पंधरा सेकंद लागतात. दोन्ही टोकांना वेगवेगळी, चांगली जाड, उपकरणातून न जाणारी. दोराच्या मध्यावर खूण असावी. ती पुसट झाली असेल तर मध्य गाठेपर्यंत दोन्ही टोकं एकत्र धरून दोर हातातून सोडत जायचा. तेवढा वेळ नाही असं कोणी म्हणालं तर त्या दिवशी रॅपलिंगच करायचं नाही.

तुझ्या पत्रात मला याहून मोठी गोष्ट दिसली, आणि ती तू लिहिलीही नाहीस. त्या मुलीच्या कंबरेला दुसरा दोर होता का? नवख्या माणसाला शिबिरात उतरवताना वरून वेगळ्या अँकरवरचा (अँकर म्हणजे दोर पक्का बांधायची जागा), दुसऱ्याच्या हातातला, स्वतंत्र बिले दोर, म्हणजे सांभाळून धरणारा दोर, असलाच पाहिजे. तो असता तर आखूड टोकानं तिचं काहीही बिघडलं नसतं. नसेल, तर चूक गाठीपुरती नव्हती. तोवर, म्हणजे हे सगळं जागेवर येईपर्यंत, क्लबचं रॅपलिंग बंद ठेव. हा अधिकार सचिव म्हणून बहुधा तुझ्याकडे असेल, असला तर त्याला ठराव लागत नाही. शिबिराची तारीख पुढे ढकलली एवढंच कळव.

आता भाऊ.

'पंचवीस वर्षांत एकाला खरचटलं नाही' हे वाक्य मी अनेक क्लबांत ऐकलं आहे आणि म्हणणारा दरवेळी खरं बोलत असतो. पण त्यातून काय सिद्ध होतं? पंचवीस वर्षं टोकाला गाठ न बांधता दोर पुरला, कारण कडे दोराहून लहान होते. पचमढीत कडा मोठा निघाला. आपली सवय चांगली होती की नशीब चांगलं होतं, हे अपघात होईपर्यंत बाहेरून वेगळं ओळखता येत नाही.

आणि जाणत्याकडूनच चूक होते, ती न जाणण्यामुळे नाही, अंगवळणी पडल्यामुळे. लिन हिल ही जगातल्या सर्वांत थोर प्रस्तरारोहकांपैकी एक. १९८९ मध्ये फ्रान्समधल्या ब्युऊच्या कड्यावर चढण्याआधी ती कंबरेची गाठ बांधत होती. गाठ अर्धी सोडून ती बुटांकडे वळली, जाकिटाखाली ती अर्धी गाठ झाकली गेली, आणि ती वर चढली. माथ्यावर पोचून तिनं दोरावर भार टाकला तेव्हा गाठ सुटली. वीस मीटरहून जास्त उंचीवरून ती पडली, वाटेत झाड आलं म्हणून जगली. चारच वर्षांनी, १९९३ मध्ये, तिनं योसेमिटीतल्या एल कॅपिटनचा 'नोज' मार्ग सर्वांत आधी मुक्तपणे, म्हणजे दोर फक्त पडलं तर सांभाळायला ठेवून, चढून दाखवला. म्हणजे कौशल्य कमी होतं असं कोणी म्हणू शकत नाही. कमी होती फक्त दुसऱ्याची नजर.

माझ्याबाबतीतही हे झालं आहे. शिकवायला लागून मला चौदा वर्षं झाली होती. कड्याच्या काठावर मी मुलींना उभं कसं राहायचं ते समजावत होते, आणि मला ज्या कॅराबिनरनं, म्हणजे उघडझाप होणाऱ्या धातूच्या कडीनं, अँकरला बांधलेलं होतं त्याचा स्क्रू उघडा होता. दुसऱ्या वर्षाला असलेली एक मुलगी पुढे आली, काही न बोलता तिनं तो फिरवून बंद केला आणि मागे जाऊन उभी राहिली. तिनं ते सगळ्यांसमोर बोलून दाखवलं नाही. त्या क्षणापासून माझा हार्नेस, म्हणजे कंबर-मांड्यांचा पट्टा, कोणीतरी तपासल्याशिवाय मी काठावर जात नाही, मग सोबत दहावीतलं पोरगं असलं तरी चालेल. त्या मुलीनं जे केलं, तेच तुला भाऊंसाठी करायचं आहे.

त्यांच्या घरी जा. एकटी जा, फोनवर हा विषय नको. संध्याकाळी, चहाच्या वेळेला. वहिनी असतील तर उत्तम. ठरावाचं नाव काढू नकोस, शिबिरात कोण काय बोललं तेही नको. एवढंच सांग : 'भाऊ, तुम्ही माझा हार्नेस हातानं ओढून पाहिल्याशिवाय मला कधी कड्यावर सोडलं नाही. आता तुमचा हार्नेस मी तपासणार. आणि पुढच्या रविवारी पोरांसमोर पहिला नंबर तुमचा.' मग गप्प बस. त्यांना बोलू दे. बहुतेक ते आधी चिडतील. चिडू दे. पचमढीचा विषय त्यांच्या मनातून गेलेला नाही, हे मी पैजेवर सांगते. त्या मुलीचं आखूड टोक त्यांनीही पाहिलं होतं, आणि रात्री सगळ्यांना हसवणारा माणूस कित्येकदा सगळ्यांत जास्त हादरलेला असतो.

भाऊंनी पोरांसमोर हात वर करून उभं राहावं, कोणीतरी त्यांचं बक्कल, गाठ, कॅराबिनर, हेल्मेटची पट्टी मोठ्यानं नावं घेत तपासावी, हे एकदा झालं की तुझा ठराव झाला. मग तो कागदावर आणायला पाच मिनिटं पुरतात. आणि हे त्यांच्याच हातून सुरू झालं म्हणून जुनी मंडळीही रांगेत येतील.

तरीही ते नाही म्हणाले तर? तर त्यांनी अँकर लावायचा नाही आणि कोणाला दोरावर सोडायचं नाही. हे तुला त्यांच्या तोंडावर सांगावं लागेल, आणि सांगताना तुझा आवाज कापेल. तरी सांग. वाटा, पाणी, गावातली माणसं, मुक्कामाच्या जागा यांचं त्यांच्याइतकं ज्ञान क्लबमध्ये कोणालाच नसेल. ते काम त्यांनी शंभर वर्षं करावं. पण दुसऱ्याच्या पोरीचा जीव ज्या गाठीवर आहे, ती तपासू न देणाऱ्याच्या हातात ती गाठ द्यायची नाही. कृतघ्नतेचं विचारतेस, तर भाऊंच्या हातून एखादं पोर पडू देणं आणि उरलेलं आयुष्य त्यांना ते ओझं वाहू देणं, याहून मोठी कृतघ्नता मला सुचत नाही.

'नागपूर सपाट आहे' या सबबीवर मात्र मला थोडं सविस्तर लिहायचं आहे, कारण ती मला मनापासून खटकते. दोरकामाचं निम्म्याहून जास्त शिक्षण जमिनीवर होतं आणि जमिनीवरच व्हायला हवं. सेमिनरी हिल्सचा उतार, चार दणकट कडुनिंब आणि रविवारची पहाट एवढं पुरतं. परवानगी लागेल तिथे घ्या. सहाला सुरू करा, नवाच्या आत आवरा, मग तर्री पोहे.

फिगर ऑफ एट, क्लोव्ह हिच, इटालियन हिच, प्रुसिक. या चार गाठी प्रत्येकाला डोळे मिटून, हातमोजे घालून, पाठीमागे हात नेऊन बांधता आल्या पाहिजेत. नुसत्या बांधता येणं पुरेसं नाही, दुसऱ्यानं मुद्दाम चुकीची बांधलेली गाठ पाच सेकंदांत पकडता आली पाहिजे. मी शिकवताना दहा गाठी बांधून ठेवते, त्यातल्या तीन चुकीच्या. कोण किती पकडतो ते पाहायचं. पोरांना हा खेळ फार आवडतो आणि जुन्यांना परीक्षा दिल्यासारखं वाटत नाही.

अँकरचा कोन शिकवायला फळा नको. सामान तोलायचे दोन हुकाचे काटे आणा. जाड फांदीला दोन स्लिंग (पट्ट्याचे फास) अडकवा, प्रत्येकात एक काटा, खाली वीस किलोची गोणी. दोन स्लिंगमधला कोन ६० अंश असेल तर प्रत्येक काटा साधारण साडेअकरा किलो दाखवेल. स्लिंग फाकवत न्या. कोन १२० अंशांवर गेला की दोन्ही काटे वीस-वीस दाखवतात, म्हणजे दोन अँकर असूनही प्रत्येकावर पूर्ण भार. हे एकदा डोळ्यांनी पाहिलेला माणूस पुढे स्लिंग कधी फाकवून बांधत नाही.

उतरताना उपकरणाखाली दोर आवळून धरणाऱ्या गाठीचा, प्रुसिक किंवा ऑटोब्लॉकचा, आधार घ्यायचा, म्हणजे हात सुटला तरी माणूस जागेवर थांबतो. हेही झाडावर चार फुटांवरून शिकता येतं : उतर, थांब, दोन्ही हात सोडून टाळी वाजव. आणि अँकरला दोर कायमचा आवळून बांधू नका. वरून सोडता येईल असा, इटालियन हिच गाठ मारून बंद केलेला ठेवा. मधेच कोणाचे केस उपकरणात अडकले, कोणी घाबरून गोठलं, कोणी बेशुद्ध झालं, तर त्याला वरूनच हळूहळू खाली सोडता येतं. नाहीतर चाकू घेऊन दुसरा माणूस खाली पाठवावा लागतो. बेशुद्ध माणूस हार्नेसमध्ये लटकलेला ठेवणं जिवावर बेततं, त्याला तातडीनं खाली घ्यावं लागतं.

सामानाकडे वळते. तुमचे दोर कुठे ठेवता? मी पाहिलेल्या अर्ध्या क्लबांचे दोर कोणाच्या तरी घरच्या सामानाच्या खोलीत, इन्व्हर्टरच्या शेजारी असतात. बॅटरीतल्या आम्लानं नायलॉन आतून जळतं आणि वरून काही दिसत नाही. आजच्या आज तिथून हलव. गच्चीवर उन्हात वाळत घालणंही बंद, आपल्याकडचं ऊन तर विचारूच नकोस. प्रत्येक दोराची वही असावी : विकत कधी घेतला, कुठे वापरला, कितींदा झटका बसला. दर खेपेला पूर्ण दोर बोटांमधून सोडून पाहायचा, कुठे मऊ, चपटा, फुगीर लागला की कापून टाकायचा. कापून म्हणजे खरंच तुकडे करायचे, नाहीतर कोणीतरी तो पुन्हा वापरतो. न वापरलेला दोरही दहा वर्षांपलीकडे ठेवायचा नाही. आणि रॅपलिंगचा स्टॅटिक दोर लीड चढाईला, म्हणजे दोर खालून सोबत नेत सगळ्यांत पुढे चढणाऱ्याला, कधीही नको. तो फारसा ताणला जात नाही, पडण्याचा सगळा झटका कंबरेला आणि अँकरला बसतो.

कॅराबिनरवर कोरलेले आकडे सदस्यांना वाचायला शिकव. लांबीच्या दिशेनं किमान २० किलोन्यूटन, आडवा पडला तर तोच ७ च्या आसपास. म्हणजे वळून आडवा झालेला कॅराबिनर आपली दोन तृतीयांश ताकद हरवून बसलेला असतो. २००६ मध्ये टॉड स्किनर हा अमेरिकी प्रस्तरारोहक योसेमिटीत हार्नेसचा झिजलेला बिले लूप, म्हणजे पुढचा भार घेणारा फास, तुटून गेला. लूप झिजल्याचं त्याला माहीत होतं, नवा हार्नेस त्यानं मागवलेलाही होता. तो यायच्या आधी जुन्यावर एक दिवस अजून काढावा, असं त्याला वाटलं असेल. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण 'या शिबिरापुरतं चालवून घेऊ' हे आपल्याकडचं आवडतं वाक्य आहे.

आता जे पुण्या-मुंबईच्या क्लबांना वेगळं असतं आणि विदर्भात आपलं आपणच शिकायचं असतं ते. पहिलं ऊन. एप्रिल-मेमध्ये सराव करा, पण बोलता बोलता कोणाचं वाक्य तुटायला लागलं, चाल अडखळली, विचारलेल्याचं भलतंच उत्तर आलं, तर 'चक्कर आली असेल' म्हणून बसवून ठेवू नका. तो उष्माघात धरायचा. सावली, कपडे सैल, अंगभर पाणी, जोरात वारा, आणि त्याच वेळी १०८ ला फोन. आधी थंड करायचं, मग गाडीत घालायचं. पुरतं भान नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतायचं नाही. नवतप्यात, मेअखेरच्या त्या सर्वांत तापलेल्या नऊ दिवसांत, शिबिर ठेवूच नका.

दुसऱ्या, आग्या मधमाश्या. सातपुड्याच्या कड्यांना लटकलेली त्यांची मोहोळं तुम्ही पाहिली असतील. ज्या कड्यावर दोर टाकायचा तो आदल्या दिवशी दुर्बिणीनं वरपासून खालपर्यंत पाहायचा. मोहोळ दिसलं की जागा बदलायची, चर्चा नाही. अत्तर, डिओ, सिगारेट, शेकोटी, स्पीकर, सगळं बंद. एक माशी मारली की तिच्या वासानं बाकीच्या चवताळतात, म्हणून झटकत बसण्यापेक्षा डोकं-तोंड झाकून लांब पळणं बरं. पण दोरावर लटकलेला माणूस पळू शकत नाही. वरून सोडता येणारा अँकर मी वर का सांगितला ते आता लक्षात येईल. खूप डंख, जीभ सुजणं, श्वास घरघरणं यांपैकी काही दिसलं की थेट दवाखाना.

पचमढीचा दगड वालुकाश्म आहे. पाऊस पडून गेल्यावर तो वरून कोरडा दिसला तरी आतून ओला आणि कमकुवत असतो. भर पावसाळ्यात नागद्वारच्या यात्रेला जाणारे हजारो लोक आपण पाहतो, म्हणून त्या दिवसांत दोरही टाकता येईल असं नाही. चिखलदऱ्याचा बेसाल्ट वेगळा, त्याचे सुटे धोंडे वेगळे. हेल्मेट दोरावरच्यानंच नाही, कड्याखाली उभ्या असलेल्या प्रत्येकानं घालायचं. विजांसाठी 'दामिनी' ॲप सगळ्या लीडरांच्या फोनमध्ये हवं. वीज दिसल्यापासून तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला की डोंगराची धार, एकटं झाड आणि दोर सोडायचा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबायचं. सापाचं थोडक्यात : चिरायचं नाही, चोखायचं नाही, आवळून बांधायचं नाही. हालचाल बंद ठेवून रुग्णालय.

आणखी एक सराव जवळजवळ कुठलाच क्लब करत नाही. दोन बांबू आणि चार जाकिटं घेऊन स्ट्रेचर करा, त्यावर सत्तर किलोचा सदस्य झोपवा आणि गोरेवाड्याच्या बाजूला, नाहीतर रामटेकच्या पायऱ्यांवर अर्धा किलोमीटर न्या. सहा जण लागतात, दर काही मिनिटांनी हात बदलावे लागतात, आणि सगळे घामाघूम होतात. हे एकदा केलं की 'कोणाला काही झालं तर उचलून आणू' असं परत कोणी म्हणत नाही. मग दहा जणांच्या गटात प्रथमोपचार शिकलेले किमान दोघं हवेत, हेही आपोआप पटतं. सेंट जॉन अँब्युलन्स आणि रेडक्रॉस हे प्रशिक्षण देतात.

हिमालयात जाणाऱ्या तुमच्या सदस्यांबद्दल एवढंच की नागपूर समुद्रसपाटीपासून जेमतेम ३१० मीटरवर आहे. इथला माणूस विमानानं लेहला उतरला तर एका दिवसात तो ३,५०० मीटरवर असतो, आणि शरीराला त्याची काहीच तयारी नसते. तीन हजारांच्या वर झोपायची उंची रोज पाचशे मीटरहून जास्त वाढवायची नाही, तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबायचं. डोकेदुखी आणि मळमळ लपवणाऱ्या सदस्याला शाबासकी द्यायची नाही, सांगणाऱ्याला द्यायची. चाल झोकांड्या खायला लागली किंवा बसल्या जागी धाप लागली, तर रात्र असली तरी खाली.

प्रशिक्षक कुठून आणायचे? तुमच्यातलेच तयार करा. दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनीअरिंग इन्स्टिट्यूट १९५४ पासून आहे, उत्तरकाशीची नेहरू संस्था १९६५ पासून, मनाली आणि पहलगामलाही सरकारी संस्था आहेत. बेसिक कोर्स सुमारे चार आठवड्यांचा असतो. बेसिक झालेला माणूस चांगला शिकाऊ असतो, प्रशिक्षक नसतो. त्यासाठी पुढे ॲडव्हान्स आणि मग शिकवण्याचा वेगळा कोर्स, मेथड ऑफ इन्स्ट्रक्शन, आहे. क्लबनं दरवर्षी दोघांची फी भरावी, एकाच अटीवर : परत येऊन वर्षभर रविवारी शिकवायचं. ट्रॉफ्या आणि टी-शर्टवर जाणारे पैसे इकडे वळव.

त्या पालकांना लेखी हमी देऊ नकोस. देताच येत नाही. ४ ऑक्टोबर २०२२ ला उत्तरकाशीच्या नेहरू संस्थेची ॲडव्हान्स कोर्सची तुकडी 'द्रौपदी का डांडा २' या शिखरावर हिमस्खलनात सापडली. २९ जण गेले. त्यांत प्रशिक्षक सविता कंसवाल होती, जिनं त्याच वर्षी मे महिन्यात सोळा दिवसांत एव्हरेस्ट आणि मकालू ही दोन्ही शिखरं गाठली होती. देशातली नावाजलेली संस्था, अनुभवी प्रशिक्षक, आणि तरीही. पालकांना बोलावून खरं सांग : काय धोका आहे, तो कमी करायला आम्ही काय करतो, काय करू शकत नाही. सराव पाहायला बोलव. त्यांच्या मुलाचा हार्नेस दोघं तपासताना त्यांना दिसू दे. 'काही झाल्यास क्लब जबाबदार नाही' अशी सही घेऊन ठेवणारे क्लब मला माहीत आहेत. हलगर्जीपणाची जबाबदारी त्या सहीनं उतरत नाही, कायद्यानंही नाही. क्लब पैसे घेऊन शिबिरं भरवत असेल तर राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते, तेही तपासून घे.

पचमढीच्या प्रसंगाची नोंद अजून झाली नसेल तर आज रात्री कर. एक पान पुरे : तारीख, दोराची लांबी, अँकर कसा होता, टोकं किती आखूड, कोण कुठे उभं होतं, काय ओरडलं गेलं. कोणाला दोष न देता. क्लबच्या वहीत पहिलं पान म्हणून लाव, आणि पुढे असं काही थोडक्यात टळलं तरी तिथेच लिहायचं असा रिवाज पाड. भाऊंच्या घरी जाशील तेव्हा ते पान सोबत ने आणि त्यांना काय आठवतं ते त्यांच्या हातानं लिहायला सांग.

आणि त्या मुलीशी नंतर कोणी बोललं का? पत्रात तू तिच्याबद्दल पुढे काहीच लिहिलं नाहीस. तिला सगळं माहीत असेल असं धरू नकोस. कदाचित ती अजून स्वतःलाच दोष देत असेल, आपण नीट उतरलो नाही म्हणून. तिला भेट. दोर चुकीचा टाकला होता, तुझी काही चूक नव्हती, हे क्लबच्या वतीनं स्पष्ट शब्दांत सांग. ती परत यायला तयार असेल तर रविवारी तिला भाऊंचा हार्नेस तपासायला उभी कर.